खुर्चीत बसल्याशिवाय

बसा नबीसाब. तिकडं खुर्चीत नको, इथं पलंगावर बसा. वळवाचं वारं सुटलं की आमच्या बाळीवेशीतली वीज सगळ्यात आधी जाते, तुम्हाला काय ते नवीन नाही. कंदील आहे, तेवढा पुरेल. चहा मीच केलाय, गोड जास्त झाला असेल तर चालवून घ्या. भुवनेश्वरी माहेरी गेलीय अक्कलकोटला. तुमची रिक्षा खालीच लावलीय ना? बरं झालं. ती लागेल नंतर.

एक गोष्ट सांगायला बोलावलंय. तिच्यातलं थोडं तुम्हाला ठाऊक आहे. वीस वर्षांपूर्वी एकदा तुम्ही आमच्या चॅनलच्या खोलीपर्यंत तीन जिने चढून आला होतात, मला काहीतरी विचारायला. मी उत्तर दिलं आणि तुम्ही समाधानानं परत गेलात. ते उत्तर खोटं होतं. आता मधे बोलू नका, एवढंच मागणं आहे. एकदा थांबलो तर पुन्हा सुरू करायची हिंमत माझ्यात नाही.

सुरुवात अगदी साध्या कामानं झाली. तीन आठवड्यांपूर्वी दानेश्वरीचा फोन आला, आमच्या तिप्पण्णा मालकांच्या मुलीचा. ती पुण्यात असते. मालकांना जाऊन वर्ष होतंय, तर पुण्यस्मरणाच्या दिवशी चॅनलच्या इतिहासावर पंधरा मिनिटांची फिल्म दाखवावी असं तिच्या मनात होतं. म्हणाली, "शिवयोगीकाका, वरच्या खोलीतल्या कॅसेटी तेवढ्या खाली आणून ठेवा. आणि जुना कॅमेरा चालत असेल तर पप्पांची लाल खुर्ची शूट करा. त्याच कॅमेऱ्यावर करा, मला तोच जुना रंग पाहिजे."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण काय सांगणार?

इतिहास म्हणजे तरी काय होता? मालक मूळचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे. त्र्याण्णव साली नवी पेठेत त्या कापडदुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावरची खोली घेतली आणि जुन्या सामानातून एक छोटा ट्रान्समीटर जुळवला. परवाना वगैरे काही नाही. गच्चीवर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना. तिची ताकद एवढीच की नवी पेठ आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांत चित्र दिसायचं, पाचव्या गल्लीत नुसत्या मुंग्या. दुपारी एक पिक्चर, संध्याकाळी भजन, मग गावातल्या बातम्या, आणि त्या बातम्या मालक स्वतः गळ्याशी मफलर गुंडाळून वाचायचे. पुढं तारा आल्या, केबल झाली, निम्म्या गावात 'दीपमाळ चॅनल' दिसायला लागलं. मी शहाण्णव साली लागलो. लोक बाजारात ओळखायचे. नंतर सेट-टॉप बॉक्स आले, मोबाईल आले, आणि सोळा साली एका दुपारी मालकांनी स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढला.

पण लोकांना चॅनल आठवतं ते लाल खुर्चीमुळं. हरवलेल्या माणसाची जाहिरात आमच्याकडं फुकट असायची. फोटो, नाव, अंगावरचे कपडे, खाली आमचा फोन नंबर. त्याला मालकांचा एक नियम होता, फार कडक. हरवलेलं माणूस सापडलं की घरच्यांनी त्याला घेऊन वर यायचं. त्याला लाल रेक्झिनच्या खुर्चीत बसवायचं. घरच्या कुणीतरी शेजारी उभं राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणायचं, "हे आमचंच माणूस." मगच आम्ही खाली 'सापडले' अशी पट्टी सोडायची. मालक म्हणायचे, "शिवयोगी, खुर्चीत बसल्याशिवाय माणूस सापडलं म्हणायचं नाही. देव येऊन सांगू दे." किती माणसं बसली असतील त्या खुर्चीत! पोरं रडत बसायची, म्हातारे पेढा खात बसायचे. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, माझ्यासुद्धा.

तर किल्ली खालच्या कापडदुकानात असते, ती घ्यायला मी गेलो. मे महिन्यातली दुपार, दोन-अडीचची वेळ. तुम्हाला सोलापूरची दुपार काय सांगायची! नवी पेठेत चिटपाखरू नव्हतं. निम्म्या दुकानांची शटरं अर्धी खाली, आत माणसं आडवी झालेली. कोपऱ्यावर फक्त महानंदा होती. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवाली महानंदा. तिला तुम्ही पाहिलंय. ती माझ्या पोटातली गाठ आहे, नबीसाब.

तिनं माझ्या हातातली किल्ली बघितली आणि उठूनच उभी राहिली.

"अण्णा, वरची खोली उघडताय व्हय?"

"हो. दानेश्वरीचं काम आहे जरा."

"मग येक बघा की माज्यासाटी. तितं फोनची वही असंल. त्या दिवशी कुनाचा फोन आलता ते लिवलं असंल की कुटंतरी. नुसतं गावाचं नाव घावलं तरी बास."

"बघतो," मी म्हणालो.

वीस वर्षं मी तिला "बघतो" म्हणतोय.

तिची आई राजाबाई, मैंदर्गीची. दोन हजार पाचच्या जानेवारीत लेकीकडं गड्डा यात्रेला आली होती. सत्तर वर्षांची, कन्नड बोलणारी, मराठी जेमतेम समजायचं. नंदीध्वजांच्या काठ्यांच्या मिरवणुकीच्या दिवशी गर्दीत लेकीचा हात सुटला. रेटारेटीत म्हातारीच्या डाव्या पायातली चप्पल निघाली, ती तेवढी महानंदाच्या हाताला लागली. सकाळी नऊ वाजता आईचा फोटो आणि ती चप्पल छातीशी धरून महानंदा आमचे जिने चढून आली. मी पट्टी लावली. 'हरवल्या आहेत. राजाबाई. हिरवं इरकली लुगडं. फक्त उजव्या पायात चप्पल.' महानंदाच्या नवऱ्यानं चौकीतही कळवलं होतं.

मालक आणि सगळी पोरं मिरवणुकीत. दर अर्ध्या तासाला एकजण स्कूटरवरून कॅसेट आणून द्यायचा, ती मी लावायचो. खोलीत मी एकटा आणि तो एक फोन. आणि फोन थांबेना! कुणी म्हणे म्हातारी स्टेशनवर दिसली, कुणी म्हणे होम मैदानावर. प्रत्येक फोन उचलायचा, लिहून घ्यायचा. माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते. भुवनेश्वरी नवी साडी नेसून खाली उभी होती, पलीकडच्या रस्त्यानं काठ्या जाणार होत्या त्या तिला माझ्याबरोबर बघायच्या होत्या. दहा मिनिटांचं काम. पण फोन वाजत असताना खोली सोडता येईना, आणि पट्टी नुसती काढली तर "बाईचं काय झालं" म्हणून दुप्पट फोन येणार.

यात्रेत हरवलेलं माणूस संध्याकाळपर्यंत सापडतंच. नऊ वर्षांत एकही राहिलं नव्हतं. मी म्हटलं, संध्याकाळी लावायचं ते आत्ता लावू.

दुपारी पावणेदोनला मी पट्टी सोडली. 'राजाबाई सापडल्या आहेत. सर्वांचे आभार.'

फोन बंद झाला. मी खाली गेलो. काठ्या बघितल्या. भुवनेश्वरी हसत होती.

आजवर मनात मी याला चूक म्हणत आलो. चूक नव्हती ती. हात थरथरला नव्हता, चुकीचं बटण दाबलं गेलं नव्हतं. नीट विचार करून टाईप केलं होतं.

परत वर आलो तर महानंदा दारात. हातात पेढ्याचा पुडा, धापा टाकत होती, तोंडभर हसू. "कुटं हाय अव्वा? अण्णा, कुटं बसवलीय तिला?" तेव्हा तरी सांगायचं की नाही? तेव्हा फार तर तासभर गेला होता. पण तिच्या हातात पेढे होते. वेळ मारून न्यायला मी म्हणालो, एका बाईचा फोन होता. तिला तुझी आई भेटली. ती मैंदर्गीकडंच निघाली होती, घरी सोडते म्हणाली. नाव सांगायच्या आत फोन कट झाला.

महानंदा माझ्या पाया पडली आणि मिळेल त्या गाडीनं मैंदर्गीला पळाली. नवऱ्यानं चौकीत जाऊन सांगितलं, सापडली. दोन दिवस महानंदा तिथं आईच्या घराच्या उंबऱ्यावर बसून होती. तिसऱ्या दिवशी परत आली. मी पुन्हा पट्टी लावली, पण सापडलेल्या बाईची पट्टी कोण बघतो? मालकांनी मला एकदाच विचारलं, "खुर्चीत बसली होती का?" मी म्हणालो, "हो, मालक."

आणि आता तुमचं, नबीसाब.

आठ दिवसांनी तुम्ही वर आलात. खाकी शर्ट होता अंगात. दारातच उभे राहून म्हणालात, "साब, वो एक चप्पलवाली अम्मा मिली क्या?" मी विचारलं, का हो? तर तुम्ही सांगितलंत, त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला विजापूर वेशीत एका बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. एक पाय उघडा. तुम्ही तिला पाणी दिलंत. तुम्हाला वाटलं, सकाळी टीव्हीवर दाखवली तीच ही. खात्री करायला समोरच्या हॉटेलात गेलात, टीव्ही बघितला. त्यावर लिहिलं होतं, सापडल्या आहेत. तुम्ही म्हटलंत, मग ही दुसरीच कुणीतरी असेल. आणि भाडं आलं म्हणून निघून गेलात.

मी तुम्हाला काय सांगितलं आठवतंय? "मिळाल्या हो, त्याच दिवशी मिळाल्या. तुम्ही बघितली ती दुसरी."

ती दुसरी नव्हती, नबीसाब.

...नाही, बोलू नका. चहा घ्या. अजून खूप सांगायचंय.

महानंदानं वीस वर्षं एकच धरून ठेवलं. कुणीतरी पुण्यवान बाई आहे, तिनं अव्वाला आपल्या घरी ठेवून घेतलं असेल, पत्ता सांगता येत नसेल म्हणून राहिली असेल. दर सोमवारी ती त्या बाईच्या नावानं एक भाकरी बाजूला काढायची. आणि मी रस्त्यानं दिसलो की ती भाकरी मला द्यायची, कारण त्या बाईचा आवाज ऐकलेला मी एकटा. मी ती घ्यायचो. घरी नेऊन खायचोसुद्धा. एकदा तिनं विचारलं, आवाज कसा होता? मी म्हणालो, गोड होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

असो. मी वर गेलो.

नऊ वर्षं बंद असलेली खोली. दार ढकललं तर आत तोच वास, गरम झालेल्या टेपचा आणि धुळीचा. पण त्याखाली आणखी एक वास होता. ओल्या लुगड्याचा. म्हटलं, गच्ची गळत असेल. मेमध्ये गच्ची कशानं गळेल, हा विचार नंतर आला. खिडकीच्या काचेला निळा कागद चिकटवलेला, त्यातून मळकट उजेड. खालच्या दुकानातून वायर आणून दिवा आणि मॉनिटर लावला. कॅमेरा तिवईवर चढवला. खुर्ची कोपऱ्यात होती, पडदा टाकून झाकलेली. पडदा ओढला, धूळ पुसली, तिला तिच्या जागी, भिंतीपुढं मधोमध ठेवली. रेक्झिनवर सावकाश हात फिरवला. बसायच्या जागी गार लागलं. बाहेर बेचाळीस डिग्री होती.

कॅमेरा घुरघुरला आणि चालू झाला. मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू? मॉनिटरवर आधी मुंग्या, मग हळूहळू चित्र. निळसर, कडांना थोडं वाकडं, आमच्या चॅनलचं चित्र. मी फोकस करत होतो.

खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

मी मान वर करून खुर्चीकडं बघितलं. रिकामी. पुन्हा मॉनिटर बघितला. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, दोन्ही हात मांडीवर. डावा पाय उघडा, धुळीनं पांढरा झालेला. फोटोत होती तेवढ्याच वयाची. तुम्हाला वाटेल जुनी कॅसेट लागली असेल. मलाही वाटलं. पण कॅसेटवर कसं असेल हो? ती त्या खुर्चीत कधी बसलीच नव्हती. माझ्याइतकं ते नक्की कुणाला ठाऊक असणार?

ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या थोडं डावीकडं बघत होती. मी जिथं उभा होतो तिथं.

तिचे ओठ हलले. खोलीत आवाज नाही. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी कॅमेऱ्याला जोडलेला हेडफोन कानाला लावला. आधी नुसती खरखर... मग अगदी जवळून, थकलेला, समजूतदार आवाज.

"आतेन तम्मा? मनीगे होगलेन?"

झालं का रे भाऊ? घरी जाऊ का?

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती विचारत होती, शाळेतलं पोर मास्तरांना विचारतं तसं. मी परवानगी दिल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं. मी कसंबसं म्हणालो, "हू अव्वा, होग." हो अव्वा, जा. ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. मग माझ्या लक्षात आलं. नियम तोच होता. शेजारी कुणीतरी उभं राहायला पाहिजे. खांद्यावर हात पाहिजे. "हे आमचंच माणूस" म्हणायला पाहिजे.

मी जिने उतरून पळत खाली गेलो. भरदुपारी, डोक्याला टोपी नाही, आणि पाय बर्फासारखे. महानंदाला म्हटलं, "वर चल."

"घावलं व्हय नाव?"

"तू वर चल आधी."

ती हात पदराला पुसत आली. तीन जिने चढताना तिचा श्वास मला ऐकू येत होता, वीस वर्षांपूर्वीसारखाच. खोलीत आल्यावर मी मॉनिटरकडं बोट केलं. राजाबाई तशीच बसलेली. लेक दारात आली तसं तिनं तोंड वळवलं आणि हसली, नबीसाब. मी बघितलं. दात नव्हते तिला.

"बघ," मी म्हणालो, "तुझी अव्वा."

"कुटं?"

"खुर्चीत. तिथं, टीव्हीत बघ."

महानंदानं मॉनिटर बघितला. खुर्ची बघितली. पुन्हा मॉनिटर बघितला. तिला दिसेना. तिच्या तोंडावरून मला कळलं, तिला काहीच दिसत नव्हतं.

"ही रिकामीच हाय की अण्णा," ती हळूच म्हणाली. "उन्हात फिरलाय तुमी. पानी आनू का?"

पाणी आणू का म्हणाली मला. तिथं मी फुटलो. सगळं सांगितलं. फोन आलाच नव्हता. बाई नव्हतीच. मला काठ्या बघायच्या होत्या. विजापूर वेशीतली पायरी सांगितली. तुमचं सांगितलं. बोलताना मी खाली फरशीकडं बघत होतो, वर बघायची छाती झाली नाही.

मग ती म्हणाली, "मंजी... ती बाई?"

"नव्हती."

"मी तिच्या नावानं भाकरी काडत आले."

"हो."

"मंजी अव्वाला कुनी शोदलंच न्हाय. मी बी न्हाय. कुनीतरी ठिवलंय म्हनून मी गप बसले, अण्णा. मी गप बसले!"

मी तिच्या पायाशी वाकलो. ती मागं सरकली. रागानं नाही, विटाळ व्हावा तशी. दारात जाऊन थांबली आणि खुर्चीकडं बोट करून म्हणाली, "तवाबी रिकामीच दावलीत. आन आताबी रिकामीच दावताय."

ती गेली. मॉनिटरवर राजाबाईनं मान वळवून दाराकडं बघितलं. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला बघितलं. उठता येईना. दोनदा बघितलं, तीनदा बघितलं. जिन्यावरची पावलं बंद झाली तेव्हा पुन्हा हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं वळली. हेडफोनमधून बारीक आवाज आला.

"आतेन तम्मा?"

पुढचं सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते. शहाण्या माणसानं महानंदाच्या मागं धावायला पाहिजे होतं. हात जोडून, रडून, कसंही तिला परत आणायला पाहिजे होतं. ती थोड्या वेळानं आली असती. आईसाठी आली असती. पण मला ती खोली सोडायची होती. तो आवाज बंद करायचा होता. फोन बंद करायचा होता तसा.

मी खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो. रिकाम्या हवेत, खांदा असेल तिथं हात ठेवला. तळव्याला जाड सुती काठ लागला. इरकलीचा. आणि मी कॅमेऱ्याकडं बघून म्हणालो, "हे आमचंच माणूस."

रेक्झिनची गादी हळूहळू वर आली, कुणी उठल्यावर येते तशी. मॉनिटरवर खुर्ची रिकामी झाली. हेडफोन कानाला लावला, नुसती खरखर. मी सुटलो म्हटलं! सगळं तसंच टाकून, कुलूप लावून, किल्ली दुकानात देऊन घरी आलो.

तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही की मी काय बोलून बसलो. ज्यानं आमचं म्हटलं, त्याच्या घरी माणूस जाणार. आणखी कुठं जाणार?

दार उघडताना भुवनेश्वरी म्हणाली, "कुनाला संगं आनलंय? पाय धुवायला पानी मागितलं की आता." मागं कुणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर एक चप्पल होती. बायकी, टायरच्या तळाची, जुन्या घाटाची. उजव्या पायाची.

तिची जोडी कुठं आहे सांगतो. महानंदाच्या भाकरीच्या डब्याखाली, फडक्यात गुंडाळलेली. ही चप्पल त्याच संध्याकाळी मी तिला नेऊन द्यायला पाहिजे होती. दोन्ही एकाशेजारी एक ठेवल्या असत्या तर तिनं माझ्यावर नाही, त्या चपलांवर तरी विश्वास ठेवला असता. मी पिशवीत घातली आणि पलंगाखाली सारली. उद्या देऊ म्हटलं. बारा दिवस झाले. भुवनेश्वरी घाबरून माहेरी गेली त्यालाही आठ दिवस झाले. महानंदाचा कोपरा बंद आहे. विजापूर वेशीत ती दुकानोदुकानी वीस वर्षांपूर्वीचा फोटो दाखवत फिरतेय असं कळलं. लोक हसतात म्हणे.

आणि इथं, नबीसाब, रोज संध्याकाळी, मघाशी तुम्हाला बसू दिलं नाही त्या खुर्चीतून मला विचारणं होतं. "मनीगे होगलेन?" मी उत्तर देत नाही. मग जिन्यावर आवाज होतो. एक पाय वाजतो, एक वाजत नाही. पहाटे परत. आणि सकाळी पिशवी उघडून बघावी तर चपलेचा तळ आणखी झिजलेला. पहिल्या दिवशी धड होता. आज सकाळी टाचेशी रुपयाएवढं भोक पडलेलं बघितलं. घर शोधत फिरतेय ती. मी माझं माणूस म्हटलं, पण हे तिचं घर नाही हे तिला कळतंच ना.

म्हणून तुम्हाला बोलावलं. एकट्यानं जायला पाय उचलत नाही. तुम्ही तिला पाणी दिलंत, तुमच्याबरोबर ती येईल. मला रिक्षात घाला आणि महानंदापुढं नेऊन उभं करा. मी सगळ्यांदेखत तिच्या हातात चप्पल देईन. काय म्हणायचं ते म्हणू दे तिला. आज नक्की. आत्ता.

जरा पाय वर घ्या, पिशवी तुमच्याच खाली आहे. ही बघा. गाठ मी स्वतः मारली होती, दुपारी... कंदील इकडं करा जरा.

नबीसाब, गाठ तशीच आहे.

आत काही नाही.

नाही हो, मी कुठं ठेवणार दुसरीकडं? तुम्ही आलात तेव्हा होती, मी हात लावून बघितलं होतं. बारा दिवस होती. आता रिकामी पिशवी घेऊन जाऊ तिच्यापुढं? तिसऱ्यांदा?

...थांबा. हलू नका. जिन्यावर ऐकलंत?

आज दोन्ही पाय वाजतायत.